ही कर्डी नव्हे

मार्तंडरावांच्या अंगणात जे उगवलं ती कर्डी नव्हती, ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. खुद्द मार्तंडरावांनी दोन वर्षं घसा फोडून ती स्पष्ट केली, पण कॉलनीत आजतागायत एकालाही ती पटलेली नाही.

ते होतं सिनारा. भूमध्य समुद्राच्या काठचं झाड. पुरुषभर उंच वाढतं, पानं कातरलेली, काटेरी, रुपेरी रंगाची, आणि शेंड्याला मुठीएवढं जांभळं फूल. मार्तंडरावांची एकुलती एक मुलगी भैरवी पोर्तुगालमध्ये नोकरीला होती. तिनं ओळखीतल्या कुणाच्या तरी हाती चिमूटभर बी धाडलं आणि फोनवर म्हणाली, "बाबा, इथं उन्हाळाभर थेंब पडत नाही, तरी हे रस्त्याच्या कडेला ताठ उभं असतं. आपल्या धाराशिवसाठीच जन्माला आलंय. लावा अंगणात."

"लावतो. तू कधी येणार ते सांग."

हा प्रश्न ते दर फोनला विचारत आणि दर फोनला तिला काहीतरी काम निघे. असं करत चार वर्षं गेली होती. त्या दिवशी मात्र ती हसली. म्हणाली, "फूल आलं की येते."

आता हे हसत म्हटलेलं वाक्य. दुसऱ्या एखाद्या बापानं ते हसण्यावारी नेलं असतं. पण मार्तंडरावांचा जन्म सरकारी कचेरीत बड्या बाबूच्या खुर्चीत गेलेला. तिथं तोंडी आश्वासनावर कुणी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे ठेवायचा राहून गेलेला सगळा विश्वास त्यांनी निवृत्तीनंतर घरच्यांसाठी राखून ठेवला होता. फूल आलं की पोरगी येणार. म्हणजे फूल आलंच पाहिजे. त्यांनी त्याच संध्याकाळी टिकाव शोधायला घेतला.

पहिली पंचाईत पाण्यानं केली, आणि तीही कमी पडून नव्हे, जास्त होऊन. भैरवीनं बजावलं होतं की याला पाणी घालायचं नाही, उपाशी ठेवायचं, म्हणजे मूळ खोल जातं. मार्तंडरावांनी वाफ्यात बी टोकलं, रोपं वर आली, तशी त्यांनी तिथं पाटी रोवली : 'या झाडांना कृपया पाणी घालू नये.' ज्या गावात नळ आठ-आठ दिवसांनी येतो त्या गावात असली पाटी वाचून माणसाच्या काळजाचं पाणी झालं नाही तरच नवल. इथं माणूस तहानलेल्याला पाहू शकत नाही, मग ते झाड का असेना. शारदाबाईंनी, म्हणजे मार्तंडरावांच्या पत्नीनं, ते आंघोळीला गेले की तांदळाचं धुवण ओतायला सुरुवात केली. शेजारच्या सत्यभामाबाई भिंतीवरून भांड्याचं विसळण सोडू लागल्या. पलीकडचे शिवलिंगप्पा सकाळी फिरायला निघताना देवाला घातलेलं तीर्थ उरलं की इथं वाहून जात. आणि हे सगळे एकमेकांपासून लपून. दुष्काळात तगून राहणारी ती रोपं धाराशिवकरांच्या दयेनं एकेक करून कुजली.

एकच वाचलं. पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात, जिथं कुणाच्या दयेचा हात पोचत नव्हता.

ते रोप वीतभर झालं, कातरलेली पानं सुटली, आणि एके सकाळी सत्यभामाबाईंनी भिंतीवर कोपर टेकून निकाल दिला, "भावजी, कर्डी छान आलीय की तुमची."

सत्यभामाबाई आणि त्यांचे यजमान आण्णासाहेब मूळचे बेंबळीचे. शेती अजून तिकडंच, पोरांच्या शाळेपायी म्हणून धाराशिवला घर बांधलं ते कायमचं. कर्डी, म्हणजे पुस्तकी भाषेतली करडई, ही बाई डोळे झाकून ओळखील. कोवळेपणी भाजी खायची, मोठी झाली की काट्याला जपायचं आणि शेवटी तेल काढायचं, इतका जुना त्यांचा घरोबा.

"वैनी, ही कर्डी नव्हे," मार्तंडराव म्हणाले. "हे सिनारा आहे. परदेशी आहे."

"आसंल की. पोरी न्हाईत का परदेशी जात? म्हून काय त्या आपल्या ऱ्हात न्हाईत व्हय?"

मार्तंडराव आत निघून गेले. त्यांना त्या बोलण्याचं पुढं बराच वेळ काहीतरी लागून राहिलं, पण नेमकं काय ते कळलं नाही.

मग आण्णासाहेबांनी येऊन पान चुरगाळून पाहिलं आणि हिला युरिया जास्त झालाय असं सांगितलं. शिवलिंगप्पांचा एके काळी तेलाचा घाणा होता, त्यांनी चष्मा वर करून खालून, खाली करून वरून पाहिलं आणि म्हणाले, "अय्यो, हायब्रीड हाय हो. याच्या बीला तेल लई निघतंय बगा. घाणा असता तर म्या सोडलो नसतो." मार्तंडरावांनी मोबाइलवर सिनाराचे फोटो दाखवले. शिवलिंगप्पांनी ते लक्ष देऊन पाहिले आणि विचारलं, "ही कर्डी कुणाच्या शेतातली?"

शेवटी मार्तंडरावांनी शासनदरबारी दाद मागायचं ठरवलं. एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून ते शेतीखात्याच्या एका कचेरीत गेले. तिथल्या तरुण साहेबांनी अदबीनं बसवलं आणि विचारलं, "गट नंबर?"

"अंगणात आहे."

"सातबारा आणलाय?"

"अंगणाला कुठला सातबारा?"

"मग पीक कसं म्हणायचं?"

"पीक नाही, म्हणूनच तर आलोय!"

"पीक नसेल तर आमच्याकडं येत नाही," साहेब म्हणाले. मार्तंडराव खुर्ची सोडेनात, तेव्हा त्यांनी वयाकडं बघून दोन ओळी लिहून दिल्या : 'सदर वनस्पती करडईसदृश असून करडई नसावी, असे सकृद्दर्शनी वाटते.' मार्तंडरावांनी ते वाचलं आणि त्यांना गहिवरून आलं. 'सदृश', 'नसावी', 'सकृद्दर्शनी', 'वाटते'! एका वाक्यात चारही दिशांना पळून जायच्या वाटा. असलं वाक्य कचेरीत त्यांच्याइतकं सुबक कुणाला जमत नसे. जन्मभर त्यांनी ते लोकांच्या हातात ठेवलं होतं, आज पहिल्यांदा कुणी त्यांच्या हातात ठेवलं. घरी आल्यावर त्यांनी तो कागद आण्णासाहेबांना दाखवला. आण्णासाहेबांनी त्यातला एकच शब्द वाचला. "करडई लिवलंय की," ते म्हणाले.

खरं म्हणजे त्या कचेरीत त्यांना लागलं होतं ते दुसरंच. सातबाऱ्याचा विषय निघाला की मार्तंडराव जरा गप्प होत. घराणं तुळजापूरचं, पूजाअर्चा आणि पुढं नोकऱ्या करणारं. त्यांच्या नावावर कधी मातीचं ढेकूळ नव्हतं. शेत म्हणजे तामलवाडीच्या मामाचं. तिथं ज्वारीच्या कडेनं कर्डीचा पट्टा असे, जनावर आत शिरू नये म्हणून. मामाला कुंपणाला तार लागायची नाही, काटेच राखण करायचे. मार्तंडरावांची आई माहेरी गेली की पहाटेच्या दवात ओच्यात कोवळी पानं खुडून आणायची, आणि ती ताटात पडली की त्या भाजीला दवाचा वास येतो असं त्यांना वाटायचं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. पण झालं काय, की संध्याकाळी उन्हं कलली की आण्णासाहेब आणि शिवलिंगप्पा झाड बघायला म्हणून येऊ लागले. टाकीच्या कट्ट्यावर बसायचे. शारदाबाई चहा द्यायच्या. आधी युरियाची चर्चा व्हायची, मग शिवलिंगप्पा घाण्याचं सांगायचे. बैल कसा डोळे बांधून फिरायचा, ताज्या तेलाचा वास पार वेशीपर्यंत कसा जायचा, बायका गरम भाकरी पदरात घेऊनच तेलाला कशा यायच्या.

"भाकरीला भोक पाडायचं, तेल वतायचं, वरून चटणी," आण्णासाहेब म्हणायचे. "आता समदं सोयाबीन. रानात फिरलं तर पायाला काटा लागत न्हाय, आन् ताटाला चव लागत न्हाय."

"मामाकडं आम्ही कर्डीच्या पट्ट्यातून पळायची शर्यत लावायचो," मार्तंडराव नकळत बोलून जायचे. "घरी आलं की आई चिमटा घेऊन बसायची, काटे काढायला. रडायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी सोडायची नाही." तिघंही वाळलेल्या पिंढऱ्यांवरून हात फिरवत बसायचे. दिवा लागला तरी कुणी उठायचं नाही. आणि मग एकदम मार्तंडरावांच्या ध्यानात यायचं. "पण ही कर्डी नव्हे!" ते ओरडायचे, आणि बैठक मोडायची.

उन्हाळ्यात झाड वाळलं. पार काडी होऊन जमिनीशी बसलं. शारदाबाई म्हणाल्या, "आता काढून टाका, पाय अडखळतो." मार्तंडरावांनी काढलं नाही. भैरवी फोनवर म्हणाली, ते झोपलंय, मूळ जिवंत असतं. मार्तंडराव रोज सकाळी त्या उघड्या मातीकडं बघत उभे राहायचे. एक-दोघांनी शारदाबाईंना बाजूला घेऊन, साहेबांची तब्येत बरी आहे ना, असंही विचारलं. पण पावसाळा सरता सरता मातीतून रुपेरी कोंब वर आला, आणि यंदा काय जोर धरला म्हणता! थंडी पडेपर्यंत कमरेएवढी पानं आली. "या उन्हाळ्याच्या आधी फूल," मार्तंडराव फोनवर म्हणाले. "बघू," भैरवी म्हणाली. मार्तंडरावांनी त्या 'बघू'चा अर्थ 'येते' असा लावला आणि तिच्या खोलीला रंग देऊन घेतला.

अशात येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं गाव ओस पडतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो शेतवाल्याच्या शेतात. कडब्याची खोप करायची, चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करून रानभर आंबील शिंपडायची आणि मग मांडी घालून बाजरीचे उकडलेले उंडे आणि भज्जी खायची. ही भज्जी म्हणजे कांद्याची भजी नव्हे. रानात जेवढी म्हणून हिरवी पानं आणि शेंगा असतील तेवढ्या एका पातेल्यात शिजवून, घोटून केलेली. बिगरशेतीवाल्याला येळवसेचं बोलावणं येणं ही मानाची गोष्ट. आण्णासाहेबांकडचं बोलावणं मार्तंडरावांना वर्षानुवर्षं न चुकता येई. भैरवी लहानपणी त्याच बेंबळीच्या शेतात कर्डीत धडपडली होती, फ्रॉकला काटेच काटे लावून रडत बसली होती, आणि सत्यभामाबाईंनी तिला कडेवर घेऊन, भज्जीचा घास भरवत गप्प केलं होतं.

येळवसेच्या आदल्या दिवशी मार्तंडराव तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेले. फूल येऊ दे, एवढंच मागायला. दुसऱ्या दिवशी पहाटे परतले ते परस्पर बेंबळीला. शारदाबाई शेजाऱ्यांच्या जीपमधून आधीच पोचल्या होत्या. पूजा झाली, पंगत बसली, भज्जी वाढली.

पहिल्या घासाला मार्तंडरावांच्या कानशिलापर्यंत कळ गेली. कडू. साधी कडू नव्हे; कारल्यानं हात जोडावेत अशी. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. शिवलिंगप्पा खोपीच्या शेंड्याकडं बघत चावत होते. आण्णासाहेब आंबिलीवर आंबील पीत होते. कुणी काही बोलत नव्हतं, कारण येळवसेच्या पानाला नाव ठेवत नाहीत. ते पांडवांचं उष्टं. पाहुण्यानं तर भज्जीचं कौतुकच करायचं असतं, आणि इतक्या वर्षांत ते काम मार्तंडरावांकडंच होतं. सत्यभामाबाई पळी घेऊन त्यांच्यासमोर उभ्या.

"वैनी," मार्तंडराव म्हणाले, "यंदाची भज्जी काही औरच झालीय. आमच्या मामीच्या हातची आठवली. वाढा अजून."

त्यांनी ती संपवली. दुसऱ्यांदा घेतलेलीही संपवली. पान पुसून घेतलं. सत्यभामाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"मला लई भ्याव वाटत हुतं, भावजी," त्या म्हणाल्या. "यंदा रानात कर्डीचं पान न्हाय, समदा हरभरा. कर्डीबिगर येळवसेची भज्जी कशी करावं? मग शारदाबाईस्नी इचारलं, दोन पानं घेऊ का. घेतली थोडी जास्त. तुमचीच कर्डी हाय ती."

मार्तंडरावांनी शारदाबाईंकडं पाहिलं. शारदाबाईंनी पांडवांकडं पाहिलं.

"मी दोनच म्हटलं होतं," त्या पुटपुटल्या.

घरी परतून टाकीमागं जाऊन पाहिलं तेव्हा विळ्यानं कापलेला बुंधा तेवढा उरला होता. मार्तंडराव त्याच्यापाशी खाली मातीतच बसले. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते आपण उंड्याबरोबर खाल्लं होतं, वर आणखी मागून घेतलं होतं, आणि कौतुकही केलं होतं. भांडायची सोयसुद्धा राहिली नव्हती. फूल आलं की येते, असं पोर म्हणाली होती. आता कशाला येतेय! त्यांना खरंच रडू आलं, आणि शारदाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

त्या दिवसापासून मार्तंडरावांनी शेजारी बोलणं टाकलं. भिंतीकडं तोंड करून ते दातसुद्धा घासत नसत. सत्यभामाबाईंना झाला प्रकार शारदाबाईंकडून कळला, तेव्हा त्या बाईंनी तोंडाला पदर लावला तो काढला नाही. मग रोज भिंतीवर काही ना काही येऊ लागलं. हुरडा आला, हरभऱ्याचा ढाळा आला, तिळाची पोळी आली. मार्तंडराव खात, पण बोलत नसत. संध्याकाळी कट्टा रिकामा राही. शिवलिंगप्पा फिरून येताना फाटकाशी घोटाळत, आत वाकून बघत, आणि पुढं जात. मार्तंडरावांना कट्ट्याची आठवण येई. पण अबोला त्यांनीच धरलेला असल्यामुळे तो सोडायला कुणाकडं अर्ज करावा ते कळेना.

आणि शिवरात्रीच्या सुमाराला बुंध्याच्या बगलेतून कोंब फुटला. मार्तंडरावांनी कुणाला सांगितलं नाही. भोवती भैरवीच्या जुन्या पाळण्याचे गज रोवले. कोंबाचा दांडा झाला, दांडा टाकीच्या वर गेला, आणि शेंड्यावर खवल्याखवल्यांची एक गाठ धरली. भिंतीपलीकडं विसळण ओतायचा आवाज एकदाही आला नाही. एक दिवस मार्तंडरावांनी पाहिलं, तर सत्यभामाबाई पलीकडून त्या कळीला हात जोडत होत्या. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

चैत्रात फूल उमललं. जांभळंजर्द, मुठीएवढं, आणि त्यावर मधमाश्या. मार्तंडरावांनी फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

भैरवी आली. खरोखरच आली. बॅग दारात टाकली, आईच्या गळ्यात पडली, आणि बाबा बोटानं खुणावत होते तिकडं टाकीमागं गेली. फुलासमोर उभी राहिली. मार्तंडरावांना वाटलं, आता हसेल, फोटो काढेल. ती पानावरून हात फिरवत राहिली.

"अगं, फूल बघ, फूल," मार्तंडराव म्हणाले.

"फुलं तिकडं खूप बघते, बाबा." ती कट्ट्यावर बसली. "एक सांगू? हसायचं नाही. तिकडं पहिल्या वर्षी येळवस आली. ऑफिस होतं. कुणाला सांगणार येळवस म्हणजे काय, आणि बोलावणार तरी कोण? संध्याकाळी परत येताना रस्त्याच्या कडेला ही पानं दिसली. मला वाटलं, कर्डी! इथं कर्डी! पिशवी भरून खुडली. घरी जाऊन भज्जी केली."

शारदाबाईंनी मार्तंडरावांकडं पाहिलं.

"कडू झाली असेल," त्या हळूच म्हणाल्या.

"विष."

"मग टाकून दिलीस?"

"नाही," भैरवी म्हणाली. "सगळी खाल्ली. रडत रडत. पांडवांचं कसं टाकणार? नंतर कळलं ही कर्डी नव्हे ते. पण तोपर्यंत माझी तीच झाली होती. म्हणून तर बी पाठवलं तुम्हाला."

मार्तंडरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग उठले, भिंतीपाशी गेले. पलीकडं सत्यभामाबाई पापड वाळत घालत होत्या. इतक्या महिन्यांनी भिंतीवर डोकं दिसलं तशा त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

"वैनी," मार्तंडराव म्हणाले. "भैरवी आलीय. सगळे या चहाला. शिवलिंगप्पांनाही निरोप द्या." आणि मग जरा थांबून, "वैनी, ती कर्डीच होती."

"आगं बया!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "मग म्या काय सांगायले दोन वर्सं झालं?"